माझी पट्टी काळी दोन

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमचं आडतीचं दुकान आहे. मी शाळेत होते तेव्हापासून दुपारी अप्पा जेवायला घरी गेले की दुकानाचा फोन मी उचलायचे. पलीकडून एखादा शेतकरी विचारायचा, "मालक, तुरीचा सौदा काय निघाला?" मी भाव सांगायचे. तो "बरं मालक" म्हणून फोन ठेवायचा. मुलगी बोलतेय असं कधी कुणाला वाटलंच नाही. आम्ही दोघी बहिणीच, अप्पांना मुलगा नाही. तरी निलंग्याकडचा एक जण एकदा दुकानात टेकून बसला आणि म्हणाला, "अप्पा, तुमच्या पोराचा आवाज लई भारदस्त हाय." अप्पा नुसते हसले. पोरगा नव्हे, पोरगी, असं काही त्यांनी सांगितलं नाही.

दुकानात माझा आवाज चालला. गाण्यात चालेना. दर सोमवारी मठात बायकांचं भजन असायचं आणि अव्वा, म्हणजे माझी आई, मला सोबत न्यायची. मी आवाज लावला की शेजारच्या बायका चुळबुळ करायच्या. सगळ्यांचा सूर वर आणि माझा खाली. पेटी वाजवणाऱ्या काकू एकदा अव्वाला म्हणाल्या, "हिचा घसा बसलाय का? हिच्या हातात झांज द्या, गाऊ नको म्हणा." मी झांज घेतली नाही. भिंतीकडे तोंड करून बसले आणि माझ्याच सुरात शेवटपर्यंत म्हणत राहिले. घरी येताना अव्वा इतकंच म्हणाली, "तुझं तोंड भिंतीकडं होतं तरी तूच ऐकू येत होतीस."

बारावीनंतर मी नांदेडला आत्याकडे राहायला गेले. आत्याचे यजमान रेल्वेत होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी आत्याला डिव्हिजन ऑफिसात नोकरी मिळाली आणि ती एकटी रेल्वे क्वार्टरमध्ये राहायची. मी कॉलेज करायचं आणि तिला सोबत व्हायची, असं ठरलं होतं. गाण्याचा क्लास लावायची परवानगी अप्पांनी सहज दिली. मुलीला गाणं आलं तर चांगलंच, असं त्यांचं मत होतं. एकदा गाणं आलं की मुलगी शिकायची थांबेल असंही त्यांना वाटत असावं.

क्लास वजिराबादेत एका स्टेशनरीच्या दुकानावर होता. सर साठीचे, शिस्तीचे, शिकवण्यात चोख. रागाचं व्याकरण त्यांनी मला जे दिलं ते आजही पुरतं, हे मी कबूल करते. पण पहिल्याच दिवशी त्यांनी पेटी पुढे ओढली, काळी चार दाबली आणि म्हणाले, "हा तुमचा सा."

ज्यांना गाण्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पेटीवर ज्या स्वराला आपण सा मानून गातो ती आपली पट्टी. बायका साधारण काळी चार-पाचमध्ये गातात, पुरुष काळी एक-दोनमध्ये. माझा सा काळी दोनवर येतो. तिथं तो बोलवावा लागत नाही, आधीच येऊन बसलेला असतो.

"सर, मला इथं वर जातंय," मी म्हणाले.

"वर जायलाच शिकायचं असतं," सर म्हणाले. "बाईचा आवाज इथंच खुलतो."

मी शिकत राहिले. कॉलेज संपत आलं तेव्हा एका दूरच्या शहरातल्या संगीत विद्यालयाबद्दल कळलं. तिथंच राहायचं, दिवसभर गाणं, आणि ऑडिशन घेऊन मोजकीच मुलं घेतात. मी ठरवलं की जायचं ते तिथंच. सरांनाही ते आवडलं. त्यांचा कुणी विद्यार्थी तिथं गेला नव्हता. त्यांनी माझ्यासाठी सोहनी निवडला. हा राग वरच्या अंगाचा, सगळी मजा तार सप्तकात, म्हणजे वरच्या स्वरांत. माझ्यासारखीनं काळी चारमध्ये सोहनी गायचा म्हणजे शिडीच्या शेवटच्या पायरीवर टाचा उचलून उभं राहायचं. सकाळी क्लास, संध्याकाळी घरी रियाज. घसा दुखायचा. मी ज्येष्ठमध चघळायचे, कोमट पाणी प्यायचे आणि पुन्हा बसायचे. आत्या ऑफिसमधून येऊन चप्पल काढता काढता म्हणायची, "काय करून राहिलीस तू? मांजर अडकल्यावानी वाटतंय."

ऑडिशन काही आठवड्यांवर आलं असताना एका सकाळी क्लासमध्ये तार सा लावला आणि तो मधेच तुटला. पुन्हा लावला. नुसती हवा आली. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा बोलताही येईना. सर म्हणाले, "दोन दिवस विश्रांती घ्या." दोन दिवसांनी तसंच. अप्पा येऊन मला लातूरला घेऊन गेले, तिथं कान-नाक-घशाच्या एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी नाकातून बारीक कॅमेरा आत घातला आणि समोरच्या पडद्यावर मला माझ्या स्वरपट्ट्या दाखवल्या. दोन्हीकडे सूज होती आणि समोरासमोर गाठी धरायला लागल्या होत्या.

"चप्पल चावली की टाचेला घट्टा पडतो ना, तसं झालंय," त्या म्हणाल्या. "आत्ता थांबलीस तर आपोआप जाईल. गातेस का?"

मी मान हलवली.

"तुझा बोलायचा आवाज कसा आहे? असा खालचाच?" त्यांनी अप्पांना विचारलं. अप्पा म्हणाले, "हाव, लहानपणापास्नं असाच हाय."

"मग गाताना इतकी वर कशाला जातेस?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी बोलायलाच बंदी केली. पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्यानं जास्त ताण पडतो म्हणाल्या. त्या वर्षीचं ऑडिशन गेलं. मी उदगीरला घरी आले.

गप्प बसलेल्या माणसाचं एक होतं. लोकांना वाटतं त्याला ऐकूही येत नाही. माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलणं सुरू झालं. बहीण माहेरी आली होती, ती अव्वाला म्हणाली, "आता आहे घरी तर उरकून टाका." अप्पा फोनवर कुणाला तरी म्हणत होते, "हाव हाव, आणा की. पोरगी घरीच हाय." मी हातवारे केले, मोबाईलवर टाइप करून दाखवलं की मला बघायला कुणाला आणू नका. अप्पांनी चष्मा शोधेपर्यंत स्क्रीन बंद झाली. चष्मा त्यांच्या खिशातच होता.

लातूरचं स्थळ होतं. मुलगा बारावीच्या मुलांना क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचा, आणि लातुरात क्लासचा मास्तर म्हणजे मान मोठा. मुलगा, त्याचे आई-वडील आणि एक मावशी आली. अप्पांनी आधीच सांगून टाकलं, "सर्दीनं घसा बसलाय, बोलू नको म्हणलाय डॉक्टरनं." मी पोहे दिले, चहा दिला आणि समोर बसले. मावशीनं विचारलं, स्वयंपाक येतो का? मी मान हलवली. गाण्याची आवड आहे म्हणे? मान हलवली. अप्पा मधेच म्हणाले, "भजन म्हणती चांगलं." अप्पांनी माझं भजन कधी ऐकलं नव्हतं.

जाताना मुलाच्या आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि अव्वाला म्हणाली, "किती शांत आहे हो. आजकाल अशा पोरी राहिल्या न्हाईत." मावशी म्हणाली, "उलट शब्द न्हाई तोंडात."

दुसऱ्या दिवशी पसंतीचा निरोप आला. घरात पेढे वाटले. मी माझा पेढा खाल्ला नाही. अव्वानं तो झाकून ठेवला आणि संध्याकाळी पुन्हा माझ्यापुढे केला. मी ताटली सरकवली. आयुष्यात इतका राग मला कधी आला नव्हता, आणि तो बाहेर काढायची सोय नव्हती. त्या लोकांना माझं गप्प बसणं आवडलं होतं. माझ्यात जे नव्हतंच, नेमकं तेच त्यांनी पसंत केलं होतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी पुन्हा कॅमेरा घातला. सूज गेली होती, गाठी विरल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता थोडं थोडं बोल. आणि जिथं बोलतेस तिथंच गा, म्हणजे मला पुन्हा तुझं तोंड बघावं लागणार नाही." लातूरहून बसनं परत आलो. अप्पा पाय धुऊन ओसरीवर बसले. इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य कुठलं बोलायचं हे मी बसमध्येच ठरवलं होतं.

"मी त्या घरात जाणार नाही. मला गायला जायचंय."

आवाज खरखरीत आला, पण आला. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "डॉक्टरनं कमी बोलायला सांगितलंय," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

चार दिवस मी सांगून बघितलं, अव्वाला सांगितलं, तिनं अप्पांना सांगितलं. "गाणं लगीन झाल्यावर बी म्हणता येतं," हे एकच उत्तर. मग मी दुकानात गेले. दुपारची वेळ, अप्पा जेवायला गेलेले. त्या मुलाचा नंबर अप्पांच्या वहीत नव्हे, पाटीवर खडूनं लिहिलेला होता, सगळ्यांना दिसेल असा. मी दुकानाच्या फोनवरून लावला.

"हॅलो, नमस्कार," मी म्हणाले. "उदगीरहून बोलतेय."

"नमस्कार नमस्कार अप्पा," तो म्हणाला. "मीच करणार होतो फोन. आई म्हणत होती साखरपुड्याचं…"

"मी अप्पा नाही. तुम्ही ज्या मुलीला बघून गेलात ती मी."

त्याच्या मागे कुठेतरी मुलं एका सुरात काहीतरी पाठ म्हणत होती.

"अजून घसा बरा नाही का?" त्यानं विचारलं.

"बरा झाला. हाच माझा आवाज आहे."

"म्हणजे असाच राहणार?"

"असाच. आणि मी शांत नाही. मला गाणं शिकायला बाहेर जायचंय, तिथं काही वर्षं राहायचंय. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगितलं."

तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "तुम्ही स्वतः फोन केलात ते बरं केलंत. पण मला घरी सांगावं लागंल."

"सांगा की," मी म्हणाले.

त्यांनी नकार कळवला, आणि कारण काय दिलं तर मुलीच्या घशाला काहीतरी आजार आहे. दोन दिवसांत ते मठापर्यंत पोचलं. अप्पांनी मला समोर उभं केलं.

"तुला फोन करायला कुणी सांगितलं?"

"तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतं."

"काय सांगितलं न्हवतं?"

"माझा आवाज असा आहे ते."

"आवाजाचं काय सांगायचं असतं? रंग दिसतो, उंची दिसती. आवाजाचं कोण सांगतं?"

"म्हणून मी ऐकवला."

अव्वा दारात उभी होती. तिनं पदर तोंडावर घेतला. ती रडतेय असं मला वाटलं, पण तिचे खांदे हसण्यानं हलत होते. अप्पांनी ते पाहिलं आणि आणखी चिडले. शेवटी म्हणाले, "थोडे दिवस नांदेडला जा. गावातलं बोलणं जरा थंडावू दे." ही शिक्षा म्हणून दिली होती. मी संध्याकाळपर्यंत बॅग भरली.

नांदेडला पोचल्यावर आधी सरांकडे गेले. त्यांनी प्रेमानं बसवलं, आवाजाची चौकशी केली आणि पेटी पुढे ओढली. मी म्हणाले, "सर, मला काळी दोनमध्ये शिकवा."

"ती पुरुषांची पट्टी आहे."

"माझीही आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरला सुरातलं काय कळतं?" सर म्हणाले. मग समजावणीच्या स्वरात, "हे बघा, परीक्षकांच्या कानाला काय सवय आहे ते ओळखावं लागतं. बाई गायला बसली की त्यांना बाईचा आवाज हवा असतो. तुम्ही तिथं काळी दोनमध्ये आ केलात की ते पहिल्या मिनिटाला कागदावर रेघ मारतील."

"मारू देत."

"मग माझ्याकडे नका येऊ. आणि कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका तिथं."

मी पाया पडले आणि जिना उतरले. खाली दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ बसून राहिले. पण परत वर जावंसं एकदाही वाटलं नाही.

आता गुरू नव्हता. आत्याच्या क्वार्टरमध्ये मोबाईलवर तानपुरा लावून मी बसायला लागले. सुरुवातीला भीती वाटायची, घसा पुन्हा जाईल म्हणून. खालच्या सुरातही मी सवयीनं ताणत होते, जणू तोही कुठून ओढून आणायचाय. ते सुटलं गुरुद्वाऱ्यात. आत्या रविवारी सकाळी तिकडे जायची, मला घेऊन गेली. आत कीर्तन चाललं होतं. पेटीवर बसलेले गाणारे दोघे पुरुष, सूर मोकळा, भरलेला. मी डोळे मिटून बसले आणि काही वेळानं माझ्या लक्षात आलं की त्यांच्या सा-वर माझा सा आपोआप बसलाय आणि मी बारीक आवाजात त्यांच्याबरोबर गातेय. आजूबाजूला कितीतरी माणसं गात होती. कुणी माझ्याकडे वळून बघितलं नाही, कुणी घसा बसलाय का विचारलं नाही. त्यानंतर मी रोज सकाळी ऑटोनं तिकडे जाऊन बसायला लागले.

सोहनी मी सोडला. त्याऐवजी पूरिया घेतला. स्वर दोन्ही रागांत तेच. पण सोहनी वर राहतो आणि पूरियाचं घर खाली, मंद्र सप्तकात, म्हणजे खालच्या स्वरांत. सरांनी तो परीक्षेपुरता शिकवला होता, एक बंदिश दिली होती. तेवढंच भांडवल. जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकत, चुकत, पुन्हा ऐकत मी तो वाढवला. मंद्रातल्या निषादावर थांबून जेव्हा तिथून गंधाराकडे बघायचं, तेव्हा छातीत जे गुंजन व्हायचं ते मला काळी चारमध्ये कधीच मिळालं नव्हतं.

एका दुपारी मी अशी बसले होते आणि दार वाजलं. उघडलं तर अप्पा. मोंढ्याच्या कुठल्यातरी कामानं नांदेडला आले होते. त्यांनी मला बाजूला सारलं आणि आत आले. स्वयंपाकघरात डोकावले, बाल्कनीत गेले, बाथरूमचं दार ढकलून बघितलं.

"आत कोण हाय?"

"कुणी नाही. मी एकटीच."

"मी जिन्यात ऐकलंय. बाप्या माणूस गात होता."

"मीच गात होते अप्पा."

ते खुर्चीवर बसले. घाम पुसला. "म्हण पाहू," म्हणाले.

मी पुन्हा तानपुरा लावला आणि आलाप सुरू केला. अप्पा आधी सगळं लक्ष माझ्या तोंडाकडे लावून होते, आवाज तिथूनच येतो का हे बघत. मग हळूहळू त्यांची नजर खाली गेली. मी थांबले तेव्हा त्यांनी पुन्हा घाम पुसला.

"गाणं चांगलं हाय," ते म्हणाले. "पण हे बाईचं गाणं न्हाई."

"मी बाई आहे ना अप्पा. मग मी गाते ते बाईचंच."

त्यांनी चहा मागितला. चहा पिऊन, आत्यासाठी आणलेली कडधान्यांची पिशवी ठेवून ते गेले. जाताना दारात म्हणाले, "तिथं घेतलं न्हाई तर दुकानात येऊन बसायचं. लगनाचं मी काढणार न्हाई." त्यांच्याकडून मिळालेली ही सर्वांत मोठी सूट होती.

ऑडिशनला आत्या सोबत आली. नांदेडहून गाडी, मग दुसरी गाडी. विद्यालयाच्या व्हरांड्यात मुलं-मुली आपापल्या कोपऱ्यात गुणगुणत होती. मुलींचे आवाज सगळे वर, चांदीसारखे स्वच्छ. मी गुणगुणायचं सोडून त्यांचंच ऐकत बसले. आत्यानं विचारलं, "चांगलं गातायत का त्या?" मी म्हणाले, "लई चांगलं." ती म्हणाली, "मग गाऊ दे त्यांना. तू तुझं गा."

आत तीन परीक्षक बसले होते, दोन पुरुष आणि एक बाई. पेटीवाल्यानं मला बघितलं आणि न विचारता काळी चारचा सूर धरला.

"काळी दोन," मी म्हणाले.

"काळी पाच?"

"दोन."

त्यानं तबलेवाल्याकडे बघितलं. तबलेवाल्यानं मुलींसाठी लहान तोंडाचा तबला लावून ठेवला होता. तो वैतागून म्हणाला, "मग जोडी बदलावी लागेल. ती बाहेर आहे." मी म्हणाले, "मी थांबते." सगळे थांबले. तबला आला, तो लावला गेला, आणि त्या ठोकाठोकीच्या वेळात परीक्षकांपैकी मधल्यांनी विचारलं, "गुरू कोण?"

"नांदेडला शिकले. नाव सांगायची परवानगी नाही."

"का बरं?"

"मी या पट्टीत गाते म्हणून."

बाई हसल्या. बाकी दोघे हसले नाहीत. मी पूरिया गायले. चांगला गायले, आणि ते मला गातानाच कळत होतं. संपल्यावर मधले परीक्षक म्हणाले, "एकदा काळी चारमध्ये गाऊन दाखवा. आवाजाचा पल्ला बघायचाय."

"नाही सर."

"नाही म्हणजे?"

"त्यानं माझा आवाज गेला होता. पल्ला याच पट्टीत दाखवते." आणि मी मंद्रातून तार गंधारापर्यंत एक तान घेतली. ती वर थोडी डळमळली. मला ते कळलं, त्यांनाही कळलं.

त्या वर्षी मला घेतलं नाही. आवाजात ताकद आहे, तार सप्तक कच्चं आहे, पट्टी वाढवून पुढच्या वर्षी यावं, असं कळवलं. आत्यानं ते ऐकलं आणि विचारलं, "मग? वाढवणार?"

"नाही. तार सप्तक पक्कं करणार. याच पट्टीत."

"बरं," आत्या म्हणाली. "भाजी कुठली करू?"

ठरल्याप्रमाणे मी उदगीरला येऊन दुकानात बसले. मात्र एक अट मी घातली. सकाळी मोंढा उघडायच्या आधी मागच्या गोदामात मी गाणार. अप्पांनी किल्ली दिली. हरभऱ्याच्या पोत्यांमध्ये आवाज घुमत नाही, पोती सूर पिऊन टाकतात, त्यामुळे खोटं काही लपत नाही. तिथं मी वर्षभर तार सप्तकावर काम केलं, न ओढता, न किंचाळता. हमाल लवकर आले तर बाहेर बिडी ओढत थांबायचे. एक म्हातारा हमाल अप्पांना म्हणाला, "मालकीणबाईचं म्हणणं झाल्यावरच शटर वर करा." शेजारच्या आडत्यांनी अप्पांना टोमणे मारले असतील. अप्पांनी ते मला कधी सांगितले नाहीत, आणि किल्लीही परत मागितली नाही.

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेले. तोच राग, तीच बंदिश, तीच पट्टी. हे मी मुद्दाम केलं. या वेळी व्हरांड्यात मी माझं गुणगुणत बसले. मोठा तबला आधीच मागून घेतला. मधले परीक्षक तेच होते. त्यांनी चष्मा वर केला.

"मागच्या वर्षी तुम्हीच ना? पट्टी वाढवायला सांगितलं होतं."

"हो सर."

"मग बदलली का नाही?"

"आवाज बदलला नाही, सर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरं, गा."

मी गायले. तार गंधारावर गेले आणि तिथं थांबले. घाई केली नाही. तिथून कोमल रिषभावरून सा-वर उतरताना शेजारच्या बाईंनी मान हलवली, आणि मधल्यांनी, मला वाटतं स्वतःच्या नकळत, हातानं सम दाखवली.

मला घेतलं. अप्पांना फोन केला तेव्हा ते सौद्यात होते, मागे बोली चालल्याचा गलका येत होता. "घेतलं," मी म्हणाले. "घेतलं?" ते म्हणाले, मग, "तिथं जेवायला ज्वारीची भाकरी मिळती का बघ." मिळत नाही.

आता मी इथं शिकते. ज्या गुरूंकडे मला दिलं त्या बाई मोठ्या कडक आहेत. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या की काळी दोन ठीक आहे, पण अर्धा सूर वर, पांढरी तीनमध्ये तुझा आवाज जास्त तेज दिसेल. मी गाऊन बघितलं. खोटं कशाला बोलू, दिसला. तरी मी म्हणाले की नको. त्या म्हणाल्या, "हट्टी आहेस." मी म्हणाले, "आहे." यावर आमचं अजून मिटलेलं नाही. महिन्यातून एकदा त्या मला पांढरी तीनमध्ये गायला लावतात, मी गाते, मग पेटी आपल्याकडे ओढून घेते आणि काळी दोन दाबते. त्या खिडकीबाहेर बघतात आणि म्हणतात, "हं, चल."